विमानाची काजळी

विमान मी आयुष्यात जवळून पाहिलेलं नाही. यवतमाळच्या आभाळातून कधीमधी एखादं चकाकत जायचं आणि कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून वर पाहायच्या, तेवढीच माझी आणि विमानाची ओळख. तरी माझ्या हातून एक विमान झालं. लाकडाचं, हातभर लांब, लढाईतलं. त्यापायी माझा एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. पुढं जे गेलं त्याच्या मानानं ते काहीच नव्हतं.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, शाळेच्या व्हरांड्यातले सुविचार, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांचे लाकडी नंदी. कापूसबाजाराच्या मागच्या वस्तीत आमचं घर. घरात माय आणि मी, दोघंच. माय जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. माझा मोठा भाऊही त्याच जिनात होता, मशीनला तेल द्यायच्या कामावर. जर्मन-जपानच्या लढाईच्या वेळी भरतीवाले आले, त्यांना यंत्राची माहिती असलेली पोरं हवी होती. भाऊ हवाई दलात मिस्त्री म्हणून गेला. मी तेव्हा चौथीत होतो. तो गेला त्या दिवशी त्याच्यापेक्षा त्याच्या बुटांकडेच मी जास्त पाहत होतो.

दोनेक वर्षं त्याची पत्रं आली. मग यायची थांबली आणि सरकारी कागद आला की तो बेपत्ता आहे. ते ऐकून वडील खाटेवर बसले, आणि त्यानंतर ते फारसे उठलेच नाहीत. वर्षाच्या आत गेले. मायनं मात्र कागद वाचणाऱ्या मास्तरांना एवढंच विचारलं, "मेला असं लिवलं हाये का त्यात?" मास्तर नाही म्हणाले. "मंग झालं," असं म्हणून ती पदर खोचून जिनात निघून गेली.

छप्पन साली आम्ही वस्तीबरोबर नागपूरला गेलो आणि दीक्षा घेऊन आलो. घरी आल्यावर मायनं देव्हारा रिकामा केला. त्यात एक टाक तिनं भावासाठी मानलेला होता, त्याच्यापुढं रोज दिवा लागायचा. तोही तिनं बाकीच्यांबरोबर फडक्यात बांधला आणि नाल्याच्या डोहात सोडला. मी काठावर उभा होतो. मला वाटलं, सुटली. आता हिची वाट पाहणंही सुटेल, आणि त्याबरोबर मीही सुटेन.

कारण मी अडकलो होतो. आमच्याकडे थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न करत नसत. थोरला बेपत्ता, म्हणजे थोरला आहे, म्हणजे धाकट्यानं थांबायचं. वस्तीतल्या शहाण्या माणसांनी मायला समजावलं की बाई, जुन्या चाली आपण सोडल्या, ही पण सोड.

"हे देवाचं थोडीच हाये?" माय म्हणाली. "हे घरातलं हाये. थोरला बिनलग्नाचा बसेल हाये अन् मी धाकट्याच्या अंगावर फुलं टाकू? थो आल्यावर मले काय म्हनन?"

मला तोवर तेवढी घाई नव्हती. पण पुढच्याच साली महागावच्या आमच्यातल्याच एका शिंप्यानं मला दुकानाची पाटी रंगवायला बोलावलं. मी पाटीवर एक मोठी कैची काढली. शिंप्याची मुलगी शिडी धरून उभी होती. कैची पुरी झाल्यावर ती खालून म्हणाली, "पेंटर, ह्या कैचीनं तं लोणीबी कापल्या जात नाई. पाती उलटी बसवली तुमी." मी खाली उतरून पाहिलं. खरोखरच उलटी बसवली होती. मी ती पुसून पुन्हा काढली, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम सावकाश काढली. त्यानंतर महागावच्या बाजूला कसलंही काम निघालं की मी तिकडे जायचो. तिच्या वडिलांना ते कळत होतं, त्यांना मी पसंतही होतो. त्यांनी सरळ विचारलं, तुमच्या आईचं काय? मी म्हटलं, तिला समजावतो. काय समजावणार होतो कोण जाणे.

भावाचा एक सोबती होता, लोहारा गावचा. दोघं एकाच तुकडीत मिस्त्री होते. तो परत आला आणि जिनात फिटर म्हणून लागला. त्याच्या डोळ्यांदेखत भाऊ सामानाच्या एका विमानात हत्यारांची पेटी घेऊन चढला होता, पुढच्या धावपट्टीवर जायला. डोंगरात ढग होते. ते विमान पोचलं नाही. लोहाऱ्याच्या फिटरनं हे आल्याआल्याच मायला सांगितलं होतं. तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "पडताना पाह्यलं का तू?"

"नाई. चढताना पाह्यलं."

"मंग चढताना पाह्यलं तेवढंच लोकायले सांग."

तेव्हापासून तो आमच्या घराच्या वाटेनं येत नसे. जिनाच्या मागच्या निंबाखाली मी त्याला माझं गाऱ्हाणं सांगितलं, तेव्हा तो बिडी पेटवून म्हणाला, "लहान्या, तुह्या मायनं इमान पाह्यलं कुठं? वरून जाते थे. चांदीच्या भांड्यावानी. तिले वाटते पोरगा तिथं त्या चकचकीत जागी हाये, सप्पा साफसूफ, तिथं कोन कायले मरन? आमचं इमान कसं राहे थे तिले दाखव. पाहीन तं समजन."

मला ते पटलं. आमच्या घरात भावाचा एकच फोटो होता, स्टुडिओतला, इस्त्रीच्या कपड्यांतला. पत्रांतही तो खुशाली आणि जेवण सोडून दुसरं काही लिहीत नसे. मायला लढाई ठाऊकच नव्हती. ठाऊक झाली की तिचं ती समजेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. दोन शहाणी माणसं निंबाखाली बसून एका बाईच्या मनाचा हिशेब करत होती.

नंदी करणाऱ्या सुताराकडून मी पांगाऱ्याचा ठोकळा आणला. हलकं लाकूड, पटाशीला सुखाचं. चित्र नव्हतं. फिटर कोळशानं जिनाच्या फरशीवर रेघा ओढायचा आणि मापं हातांनी दाखवायचा. ते हरिकेन होतं, त्यांच्या तुकडीचं लढाऊ विमान, पाठीला कुबड असलेलं. मागचा अर्धा भाग कापडाचा असे आणि कापडाखाली लाकडी पट्ट्यांच्या बरगड्या दिसत, हे त्यानं सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. कापडाच्या विमानात बसून माणसं लढायला जातात! पण मी बरगड्या कोरल्या. खडू आणि सरस लावून लाकडाची छिद्रं बुजवली, पॉलिश पेपरनं घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. वर हिरवे आणि मातकट पट्टे, पोटाला राखाडी. बाजूला गोल. गोलाच्या मधोमध मी लाल टिपका द्यायला गेलो तर फिटरनं हात धरला.

"लाल नाई. लाल गोळा जपान्याचा. आपलेच लोक चुकून गोळ्या घालत, म्हनून आपल्यातला काढून टाकेल होता. निळा, अन् त्यात फिका निळा."

निळ्याची मला कमी नव्हती. छप्पननंतर माझ्याकडचा निळ्याचा डबा कधी आटला नाही.

रंग झाला आणि विमान नव्या नंदीसारखं देखणं दिसायला लागलं. तिथून खरं काम सुरू झालं. जन्मभर मी जुनं नवं करत आलो. गंजलेली पाटी उजळायची, त्यासाठीच लोक मला बोलावतात. आता नवं जुनं करायचं होतं, आणि तेही लढाईत झालं असेल तसं. मी रंग खरवडून पुन्हा लावला. आधी चांदी रंगाचा हात, तो वाळल्यावर त्यावर हिरवा आणि मातकट, तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त घालून, म्हणजे चकाकी राहत नाही. मग बाभळीच्या काट्यानं वरचा रंग टवका टवका उडवायचा की खालून धातू दिसतो. मला ते भलतंच आवडायला लागलं आणि मी सगळीकडे टवके उडवत सुटलो.

"अरे, इथं कायले उडवतं?" फिटर चिडला. "इथं कोनाचा पाय पडत नाई. पाय पडे डाव्या पंखाच्या बुडाशी. पायलट तिथून चढे, आमी तिथंच उभे राहो. तुह्या भावाचा बूट इथं पडे. इथं उडव."

माझा काटा थांबला. भावाचे बूट मला आठवत होते. तेवढ्या करंगळीएवढ्या जागी मी एक अख्खा दिवस काम केलं. भाऊ कुठं पडला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याचा पाय कुठं पडायचा ते मला आता नीट कळलं होतं, आणि ते काम करताना मला रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बंदुकांच्या भोकांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवत, पहिल्या गोळीला ते फाटत. मी ते फाटलेले केले आणि मागे काळे ओघळ ओढले. पोटाखाली जिनातलं जळकं तेल बोटानं पसरलं. मुरूम वाटून, धोतराच्या फडक्यातून गाळून, त्याची धूळ चाकांना लावली. शेवटी धूर. नाकाच्या दोन्ही बाजूंनी इंजिनाच्या आखूड नळ्या बाहेर येत आणि त्यांचा धूर पार बसायच्या जागेखालून मागं जाई. त्यासाठी मी कंदिलाची वात मोठी केली, काच काळी होऊ दिली, आणि ती काजळी बोटावर घेऊन एकेका नळीपासून शेपटीकडे ओढली. वर वार्निश मारलं असतं तर काजळी पक्की बसली असती. पण वार्निशानं चकाकी येते, आणि चकाकी घालवायलाच तर एवढा खटाटोप. म्हणून ती तशीच कोरडी ठेवली.

पुरं झालेलं विमान फिटरनं मांडीवर घेतलं आणि टोपी काढली. "हेच थे," म्हणाला. घरी चल म्हटलं तर येईना. "तुह्या मायपुढं मले उभं राहता येत नाई."

जिनाला सुट्टी होती. माय दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. मी विमान तिच्या पुढ्यात ठेवलं आणि पाठ केलेलं सगळं बोललो. हे पाहा, भाऊ ह्याच्यावर काम करे. चांदीबिंदी काही नाही. कापडाचं आहे. गोळ्या लागत, तेल गळे, चिखलात उभं राहे. तिथं रोज माणसं मरत. भाऊ तिकडेच राहिला, माय. आता येत नाही तो.

तिनं सूप बाजूला सारलं, हात पुसले आणि विमान उचललं. सगळीकडून पाहिलं. डाव्या पंखाच्या बुडाशी तिचा अंगठा थांबला, आणि मी काही सांगितलेलं नसताना थांबला. मग तिनं नळ्यांमागच्या काजळीला बोट लावलं, ते बोट उजेडात धरलं, हुंगलं.

"हे कायची काजळी?"

"इंजिनाच्या धुराची."

"रोज धरते?"

"रोज. उडून आलं का धरते. मंग मिस्त्री लोक पुसतेत."

"भाऊ पुसे?"

"भाऊच पुसे."

तिचे डोळे भरून आले. बारा-तेरा वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होतो. मला वाटलं, झालं, समजली. मला महागाव दिसायला लागलं, इतका मी हलकट.

"मंग चालू हाये थे," माय म्हणाली.

"काय?"

"अरे, बंद घरच्या चुलीले काजळी धरत नाई. इतकी काजळी हाये म्हंजे रोज उडून राह्यलं. अन् रोज उडते तं पुसाले कोनीतरी हाये तिथं." ती चक्क हसली. "मी कायले भेत होती एवढी?"

मी ओरडलो. ही कंदिलाची काजळी आहे, मी लावली, तुझ्याच घरातल्या कंदिलाची! ती शांतपणे म्हणाली, "कंदिलाची असू दे. पन अशीच राहे म्हनून लोहाऱ्याच्या पोरानं सांगतलं ना तुले? थो खोटं बोलत नाई." आणि तिनं पदराचं टोक ओलं करून दोन्ही बाजूंची काजळी पुसून काढली, नीट, नळीनळीच्या मधून, आणि विमान बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं. "सकायी उडाचं असन त्याले," एवढंच बोलली आणि डाळ निवडायला बसली.

मी तिला लढाई दाखवायला गेलो होतो. तिला त्यात चूल दिसली. चाळीस घरांच्या वस्तीत कोणाची चूल पेटली नाही हे भिंतीकडे पाहून ओळखणारी बाई ती, तिला दुसरं काय दिसणार होतं? पण हे मला आता सुचतं. तेव्हा नुसता अंगाचा तिळपापड झाला होता.

पुढं आणखी वाईट झालं. आठवडा झाला तरी विमान साफच दिसत होतं आणि तिचं मन लागेना. साफ म्हणजे उडत नाही. "काळं कर रे," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाही म्हटलं. मग तिनं स्वतःच चुलीतली काजळी लावली, त्याचे गोळे झाले. जिनात जाणं तिनं सोडलं नाही, जेवण सोडलं नाही, पण संध्याकाळी येऊन त्या फळीपुढं उभी राहायची आणि चुळबुळ करायची. तिच्याशी मी बोलणं टाकलं होतं.

अशातच महागावचे शिंपी आले. भला माणूस. सकाळच्या मोटारीनं येऊन दुपारी परत जायचं होतं त्यांना. मायनं त्यांचं सगळं नीट केलं, चहा केला, पोरीची चौकशी केली.

"बाई," ते म्हणाले, "पोरगी थांबून राह्यली. ह्या उन्हाळ्यात करून टाकू. तुमी फक्त हो म्हना."

"मी कुठं नाई म्हनते? पोरगी चांगली हाये. थोरल्याचं झालं का लगेच करू. त्याच्यासाठी बी पाहा ना एखादी." आणि तिनं विमान फळीवरून काढून त्यांच्या हातात दिलं. "हे पाहा, त्याचं इमान. रोज उडते."

त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांनी विमान परत दिलं, चहा संपवला, जयभीम केला. मी मोटारीपर्यंत गेलो. "मायवर रागावू नका, पेंटर," ते म्हणाले. "पन मले आता दुसरं पाहा लागते." मी मान हलवली. पोरगी काही बोलली का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. मोटार सुटली तरी ते ओठावरच राहिलं.

घरी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. विमान चुलीत घालायचं हे वाटेतच ठरवलं होतं. माय ते हातात घेऊन दारातच उभी होती. "हे मले नाई जमत," ती म्हणाली, "गोये होऊन राह्यले. तुह्यासारखी ओढता येत नाई मले. तू कर." तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. तिनं सगळ्याच नळ्या बरबटून ठेवल्या होत्या. मी तिच्या हातून विमान घेतलं. चूल चार पावलांवर होती. मी खाली बसलो, टर्पेंटाइनच्या फडक्यानं तिचे गोळे काढले, कंदील लावला, काच काळी होऊ दिली, आणि पहिल्या नळीपासून काजळी ओढायला लागलो. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"हां," ती म्हणाली. "आलं उडून."

ती पुसायची, मी काळं करायचो. पुढं आमच्या घराचा तोच नेम झाला. पासष्टच्या लढाईत वस्तीतल्या रेडिओवर विमानांच्या बातम्या यायला लागल्या तशी ती सकाळ-संध्याकाळ पुसायला लागली आणि मला दिवसातून दोनदा कंदील लावावा लागला. महागावला मी एकदाच गेलो, शाळेच्या भिंतीचं काम होतं. शिंप्याची पाटी उन्हानं फिकी पडली होती. कैचीचं एक पातं जवळपास उडालं होतं. मी खालमानेनं पुढं गेलो.

माय त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. तापानं गेली, शुद्धीत होती. त्या दिवशीही तिनं फळीकडे हात केला आणि विमान घेऊन पुसलं. माती देऊन परत आल्यावर लोक पांगले आणि लोहाऱ्याचा फिटर तेवढा थांबला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा घरात आला होता. फळीपुढं उभं राहून त्यानं विमान उचललं. तिच्या अंगठ्यानं डाव्या पंखाच्या बुडाशी माझी चांदीही राहिली नव्हती, नुसतं लाकूड उघडं पडलं होतं. त्यानं ते पाहिलं.

"आता पेटीत ठेव हे," तो म्हणाला. "सुटला तू. चाळिशीबी आली नाई तुले अजून. कोनाले तरी घरात आन."

मी त्याच्या हातून विमान घेतलं आणि कंदील लावला. भर दुपार होती. वात मोठी केली तशी काच वरून काळी व्हायला लागली.

"आता कायले रे?" तो म्हणाला.

"मायनं पुसून ठेवलं हाये," मी म्हणालो, आणि पहिल्या नळीपासून सुरुवात केली.